उंबऱ्याबाहेरचं यीस्ट

रविवारी सकाळी नंदाबाई गिरणीतून दळण घेऊन परत आल्या, तेव्हा त्यांच्याच स्वयंपाकघरात त्यांना उभं राहायला जागा उरली नव्हती. गॅसवर एक मोठं पातेलं होतं, ओट्यावर दोन पातेली जुन्या रजईत गुंडाळून बसवली होती. जमिनीवर वर्तमानपत्र पसरून रामदास गुरुजी मांडी घालून बसले होते. त्यांच्यासमोर तीन पांढऱ्या बश्या आणि आयोडीनची बाटली. महापालिकेच्या शाळेतून निवृत्त होऊन दहा वर्षं झाली, तरी ही बाटली ते संपू देत नसत. दर रविवारी संध्याकाळी विहारात मुलांचा वर्ग असे, आणि त्या वर्गाला कधी काय लागेल सांगता येत नसे.

"हे काय मांडलंय?" नंदाबाईंनी विचारलं. प्रश्न लेकीला होता, नजर मात्र नवऱ्याकडे.

"अगं, तिला आज ठरवायचंय," गुरुजी म्हणाले.

"काय ठरवायचंय?"

गुरुजींनी चष्मा पुसायला घेतला. शेवटी आम्रपालीच म्हणाली, "उन्हाळ्याची बिअर. कुठली करायची ते."

नंदाबाईंनी पिठाचा डबा दाणकन खाली ठेवला.

बिअर हा शब्द या घरात उच्चारला जात नसे. दोन वर्षांपूर्वी आम्रपाली डेअरीतली नोकरी सोडून बाणेरच्या एका छोट्या ब्रूअरीत लागली, तेव्हा नंदाबाई आठ दिवस तिच्याशी बोलल्या नव्हत्या. त्याला कारण होतं. गुरुजींचा धाकटा भाऊ पोपट याच घरात, आतल्या खोलीत, दारूनं गेला. शेवटची दोन वर्षं त्याचं अंथरूण नंदाबाईंनी काढलं होतं. भावानं नव्हे, भावजयीनं. गुरुजींना हे रोज आठवत असे आणि म्हणूनच त्या आठ दिवसांत त्यांनी बायकोला एका शब्दानंही अडवलं नव्हतं.

नवव्या दिवशी गुरुजींनी वहीच्या पानावर चित्र काढून बायकोला समजावलं होतं. धान्य भिजवलं, गरम पाण्यात ठेवलं, गाळलं, तर मिळतं ते नुसतं गोड पाणी. पोरांना पाजतो त्या सत्त्वासारखं. त्यात यीस्ट पडलं की दारू. नंदाबाईंनी चित्र नीट पाहिलं होतं आणि मग हद्द आखून दिली होती: "तुझं ते यीस्ट या उंबऱ्याच्या आत येणार नाही." कायदाही तेच सांगत होता, परवान्याशिवाय घरी दारू करता येत नाही. आम्रपालीनं दोन्ही पाळलं. नवं काही करून पाहायचं झालं, तर गोड पाण्यापर्यंतचं काम ती सुट्टीच्या दिवशी घरी करी, पुढचं ब्रूअरीत.

आणखी एक अट होती, ती कुणी बोलून दाखवली नव्हती. बाहेरच्यांसाठी आम्रपाली अजून डेअरीतच होती. सकाळी सोसायटीच्या फाटकातून बाहेर पडताना ती डेअरीचं जुनं ओळखपत्र गळ्यात घालत असे आणि कात्रज चौकात बस मिळाली की काढून पर्समध्ये टाकत असे.

"ब्रूअरीच्या सलिल सरांनी पहिल्यांदाच मला अख्खी टाकी दिली आहे," आम्रपाली म्हणाली. "आजवर दुसऱ्यांच्याच रेसिपी केल्या. उद्या टाकी रिकामी होते. सकाळी मला सांगायचंय, माझी कुठली."

"आणि नाही सांगितलंस तर?"

"तर गोव्याला जाईन." ती शांतपणे म्हणाली. "तिथल्या एका ब्रूअरीचं पत्र आलंय, बाबांना दाखवलंय. पगार सारखाच आहे, आई. पण तिथं मला रोज सकाळी दुसऱ्या कुणाचं तरी ओळखपत्र घालावं लागणार नाही."

नंदाबाई नवऱ्याकडे वळल्या. "तुम्हाला ठाऊक होतं?"

"परवा कळलं," गुरुजी म्हणाले. दाराची बेल वाजली म्हणून ते वाचले.

रोहन आला होता, त्यांचा थोरला, आणि त्याची नऊ वर्षांची उत्कर्षा. रोहन हिंजवडीत नोकरीला. बहिणीच्या बाजूनं घरात पहिला बोलला तो हाच. "वा! होम ब्रूइंग!" आत येताच तो म्हणाला. "आई, तुझं किचन फायनली कामाला आलं."

"तुझ्या जिभेलाही काम मिळेल एक दिवस," नंदाबाई म्हणाल्या. "सून कुठंय?"

"माहेरी. आमू, सांग. ऑप्शन्स काय आहेत?"

आम्रपालीनं रजई सोडली. शिकवायला लागली की तिचा आवाज आपल्यासारखा होतो, हे गुरुजींच्या पुन्हा एकदा लक्षात आलं. थोडा सावकाश, प्रत्येक शब्दाला जागा देणारा. "उन्हाळ्याची बिअर हलकी हवी. माणूस उन्हातून आलाय, त्याला जड, काळी, कडू नको. पहिली ही, अर्धा गहू, अर्धी बार्ली. वरून धने आणि संत्र्याची साल. तीन आठवड्यांत तयार होते."

"हिट आहे ही," रोहन म्हणाला. "सगळीकडे मिळते."

"तेच ना. सगळीकडे मिळते. दुसरी बार्ली आणि थोडे तांदळाचे पोहे. पाण्यासारखी स्वच्छ. पण तिला सहा आठवडे गारठ्यात ठेवावं लागतं. ती तयार होईपर्यंत लोक छत्र्या काढतील."

"म्हणजे ती बाद," उत्कर्षा म्हणाली.

"बाद. आणि तिसरी ज्वारीची." आम्रपालीनं गॅसवरच्या पातेल्यावरचं झाकण काढलं. "अर्धी ज्वारी, अर्धी मोडाची बार्ली. ही मला करायची आहे. ज्वारीनं अंग हलकं राहतं, चव कोरडी येते, दुसरा घोट घ्यावासा वाटतो. पण ही काही केल्या होत नाहीये. दोनदा केली, दोन्ही वेळा बिघडली."

"चला, बघू," गुरुजी म्हणाले आणि नातीला जवळ ओढलं. "उत्कर्षा, बटाट्याच्या फोडीवर आयोडीन टाकलं होतं आपण. काय झालं होतं?"

"निळं-काळं."

"का?"

"स्टार्च होतं म्हणून."

"शाब्बास. आता धान्यात काय असतं? स्टार्च. आत्याला काय हवंय? साखर. मोडाच्या बार्लीत एक गुण असतो, ती गरम पाण्यात स्टार्चची साखर करते. मग काम झालं की नाही, हे कसं ओळखायचं?"

उत्कर्षानं क्षणभर विचार केला. "थेंब टाकायचा. निळं नाही झालं तर झालं काम."

गुरुजींनी सगळ्यांकडे असं पाहिलं, जणू हा शोध आत्ताच याच घरात लागला होता. पहिल्या बशीत गव्हाचं पाणी घेतलं, वर आयोडीनचा थेंब टाकला. थेंब चहासारखा तांबूस राहिला. दुसऱ्या बशीतलाही तांबूसच. तिसऱ्या बशीत ज्वारीचं पाणी होतं. थेंब पडला आणि बशी शाईसारखी निळी झाली.

"बघा," आम्रपाली म्हणाली. "दीड तास झाला. पासष्ट अंश बरोबर ठेवलंय. ज्वारी ढिम्म हलत नाही."

"जास्त वेळ ठेव," रोहन म्हणाला.

"काल तीन तास ठेवलं होतं."

नंदाबाई इतका वेळ पाठ करून पीठ चाळत होत्या. चाळणी न थांबवता त्या म्हणाल्या, "भरड तशीच टाकलीस?"

"कशी?"

"कच्ची. कोमट पाण्यात."

"कोमट नाही गं, पासष्ट अंश..."

"तुझे अंश तुझ्याकडे. आम्ही बार्शीला कण्या करायचो. ज्वारी भरडायची, आधणात टाकायची, अर्धा तास रटरट शिजू द्यायची. मग ती फुलते. कोमट पाण्यात दिवसभर ठेवलीस तरी दाणा दाताखाली कच्चाच लागेल. जे फुललंच नाही त्याची साखर कुठून व्हायची?"

चाळणीचा आवाज एकदम थांबला, कारण आपण कुणाला मदत करून बसलो हे नंदाबाईंच्याही लक्षात आलं होतं.

"आधी शिजवायची," आम्रपाली पुटपुटली. "एकटी ज्वारी शिजवायची, मग निववायची आणि मग बार्ली. आई!"

"मला काही सांगू नकोस. मी कण्यांचं बोलले."

पण पाच मिनिटांनी पातेलं त्यांच्याच हातात होतं. पोरीनं आधण कमी ठेवलं, पोरीनं ढवळणं सोडून घड्याळ बघितलं. हे त्यांच्यानं पाहवेना. अर्ध्या तासात ज्वारीच्या घट्ट, पांढऱ्या कण्या झाल्या. पळी उभी राहील इतकी. पासष्टवर आल्यावर आम्रपालीनं त्यात बार्लीचं पीठ मिसळलं. सगळे पातेल्यावर वाकले. पाच मिनिटं, दहा मिनिटं, आणि घट्ट कण्या सैल होऊ लागल्या. पळी कलंडली आणि कडेला टेकली. पंधराव्या मिनिटाला पातेल्यात पातळसर पाणी हलत होतं.

"अगंबाई," नंदाबाई म्हणाल्या.

तेवढ्यात पुन्हा बेल वाजली.

ज्ञानदेव साळवे होते. विहाराच्या कमिटीचे सचिव, पोस्टातून निवृत्त झालेले, पायजम्याची इस्त्री मोडू न देता बसणारे. हातात कागदाची गुंडाळी होती. "बरं झालं, सगळे सापडलात. गुरुजी, बुद्धपौर्णिमेच्या बालशिबिराचं पत्रक. प्रेसवाला थांबलाय. एक नजर टाका, सही करा. काय शिजतंय? वास छान येतोय."

"कण्या," नंदाबाई म्हणाल्या. ते खरंच होतं.

गुरुजींनी कागद उलगडला. शिबिराची वेळ, खिचडीची व्यवस्था, वक्त्यांची नावं. तिसऱ्या ओळीवर त्यांचं बोट थांबलं. 'विज्ञानाची गंमत: कु. आम्रपाली रामदास ओव्हाळ, दुग्धतंत्रज्ञ.'

"मला विचारलं नाहीत, काका," आम्रपाली म्हणाली.

"तुला काय विचारायचं? घरची मुलगी. आपल्यातली पोर लॅबमध्ये काम करते हे मुलांना दिसायला नको का? दुधाचं दही कसं होतं, एवढं सांगितलंस तरी पुष्कळ."

आम्रपालीनं बापाकडे पाहिलं. त्या पाहण्यात राग नव्हता, हे गुरुजींना अधिक लागलं. बाबा आता काय म्हणणार हे तिला ठाऊक होतं आणि तिनं ते केव्हाच मान्य करून टाकलं होतं.

"शिबिराला जमेल तिला," रोहन घाईनं म्हणाला. मघाशी होम ब्रूइंगचा जयजयकार करणारा हाच रोहन आता ओट्यासमोर आडवा उभा होता, म्हणजे मागची पातेली दिसू नयेत. "डेअरीत सुट्टी टाकेल. काय आमू?"

"बरं," ज्ञानदेव म्हणाले आणि उत्कर्षाच्या डोक्यावर हात ठेवला. "काय गं, आत्या कुठं असते तुझी?"

"डेअरीत," उत्कर्षा म्हणाली. "लॅबमध्ये. दुधाची तपासणी करते."

ती अडखळली नाही, कुणाकडे बघितलं नाही. मघाशी ज्या आवाजात तिनं स्टार्चचं उत्तर दिलं होतं, त्याच स्वच्छ, खणखणीत आवाजात तिनं हेही सांगितलं.

रामदास गुरुजींनी चाळीस वर्षं मुलांना शिकवलं होतं. न शिकवता मूल काय काय शिकतं, हे इतर शिक्षकांना समजावून सांगण्यात त्यांचा हातखंडा होता. या पोरीला हे उत्तर कुणीच घोकून दिलं नव्हतं. तिनं ते ऐकून ऐकून उचललं होतं, आणि ते पहिल्यांदा कुणी उच्चारलं होतं? दोन वर्षांपूर्वी विहाराच्या पायरीवर याच ज्ञानदेवांनी विचारलं होतं, लेक काय करते? आणि गुरुजी म्हणाले होते, डेअरीत आहे. आम्रपालीनं तसं सांगायला सांगितलं नव्हतं. नंदानंही नव्हतं. नंदा फक्त उंबऱ्याबद्दल बोलली होती.

दर रविवारी तीस मुलं हात जोडून त्यांच्यामागून शीलं म्हणत. पाचवं शील मद्याचं. ते घरात मोडू नये म्हणून त्यांनी केवढी काळजी घेतली होती! आणि त्या काळजीपोटी चौथं, खोटं न बोलण्याचं, ते मात्र रोज सकाळी फाटकापाशी मोडत होतं. लेकीच्या गळ्यात अडकवून मोडत होतं.

त्यांनी खिशातलं पेन काढलं आणि 'दुग्धतंत्रज्ञ' हा शब्द एका सरळ रेघेत खोडला.

"शुद्धलेखन चुकलं का?" ज्ञानदेवांनी विचारलं.

"शब्दच चुकला. ज्ञानदेव, ती डेअरीत नाही. दोन वर्षं झाली. बाणेरला बिअर तयार करते. मी तुम्हाला खोटं सांगितलं."

"बाबा!" रोहन म्हणाला. मग हसल्यासारखं करून ज्ञानदेवांकडे वळला. "काका, बाबांचं म्हणणं असं की फूड टेक्नॉलॉजीमध्ये सगळं एकच..."

"रोहन, गप्प बस," नंदाबाई म्हणाल्या.

त्या पदराला हात पुसत पुढे आल्या. "भाऊ, मला तिचं काम पटत नाही. आजही नाही. पोपटभावजींना तुम्हीही खांदा दिलाय, तेव्हा तुम्हाला काय वेगळं सांगायचं. पण पोर चोरी करत नाही. परवान्याच्या ठिकाणी, शिकून, कष्टानं करते. लपवलं ते आम्ही. तिनं नाही."

ज्ञानदेव कागदाकडे बघत म्हणाले, "दोन वर्षांत तीन वेळा मी विचारलं, गुरुजी, डेअरीतलं तूप सवलतीत मिळेल का? तिन्ही वेळा म्हणालात, विचारून सांगतो."

उत्कर्षा फिसकन हसली. गुरुजींचे कान लाल झाले. "चुकलंच माझं."

"तुपाचं सोडा. मुलांपुढे हे कसं सांगायचं?"

"बिअरचं मी मुलांना काहीच सांगणार नाही, काका," आम्रपाली म्हणाली. "मुलांचा तो विषयच नाही. दाण्याला मोड कसा येतो, स्टार्चची साखर कशी होते, हे दाखवेन. पण कुणी विचारलं, ताई तू काय काम करतेस, तर खरं सांगेन. आणि पोपटकाकांचंही सांगेन. ते मला कुणापेक्षा कमी माहीत नाही. औषधाची वेळ मीच पाळायची." ती थांबली. "हे चालत नसेल तर नाव काढा. रागावणार नाही. पण दुसरं काही लिहू नका."

"कमिटीपुढे ठेवावं लागेल. मी शब्द देत नाही," ज्ञानदेव म्हणाले. कागदाची घडी घालताना मात्र त्यांनी गुरुजींचं पेन मागून घेतलं, नावाखाली बारीक खूण केली आणि म्हणाले, "नाव राहू दे तूर्त. हुद्द्याची जागा कोरी ठेवतो." दारापाशी चपला घालताना ते नंदाबाईंना म्हणाले, "कण्या राहिल्या, वहिनी. पुढच्या वेळी."

दार लागल्यावर रोहननं डोकं धरलं. "संध्याकाळपर्यंत सगळ्या ग्रुपवर असेल हे. बाबा, गरज काय होती?"

"तू मघाशी हिच्या बाजूनं होतास," गुरुजी म्हणाले.

"आहेच! पण घरात वेगळं, बाहेर वेगळं..." वाक्य तोंडातून निघाल्यावर रोहनला ते ऐकू आलं. तो जमिनीवरच्या बश्या उचलून विसळायला लागला.

गुरुजी नातीपाशी खाली बसले. गुडघ्यांनी कुरकुर केली. "उत्कर्षा, मघाशी तू आजोबांसारखं बोललीस. ते आजोबांचं चुकलं होतं. आता कुणी विचारलं तर?"

"आत्या बिअर करते," ती म्हणाली. मग थोडा विचार करून, "आणि मी मोठी झाल्याशिवाय मला देणार नाही."

"मोठी झाल्यावरही आधी आजीला विचार," नंदाबाई म्हणाल्या.

आम्रपालीनं पातेल्यातलं पळीभर पाणी बशीत घेतलं, फुंकर घातली आणि ओठांना लावलं. बशी तिनं बापापुढे धरली. गुरुजींनी चव घेतली. गोड होतं, पण गहू-बार्लीसारखं चिकट नव्हतं. जिभेवरून लगेच निघून जात होतं, आणि मागं भाजल्या दाण्याचा बारीक वास राहत होता. बशी त्यांनी नंदाबाईंकडे सरकवली. नंदाबाईंनी उंबऱ्याकडे पाहिलं, बशीकडे पाहिलं, आणि ओठ टेकवले.

"मीठ नाही," त्या म्हणाल्या.

"आई, मीठ नसतं त्यात."

"माहितेय. चांगलं लागतंय म्हणाले."

आम्रपालीनं सलिलला तिथंच उभ्यानं फोन लावला. "सर, ठरलं. ज्वारी... नाही, जमलं, आधी शिजवून घ्यायची... हो, पूर्ण टाकीला चाळीस किलो लागेल." मग ती ऐकत राहिली, मान हलवत राहिली, आणि शेवटी हसली.

"चाळीस किलो?" फोन ठेवायच्या आतच नंदाबाईंनी विचारलं. "चाळीस किलो कण्या कोण ढवळणार?"

"मशीन आहे, आई."

"मशीनला बुडाला लागल्याचा वास येतो का? एकदा लागल्या की अख्खी टाकी करपट."

"मग मी उभी राहीन तिथं."

"तू उभी राहशील आणि घड्याळ बघशील." नंदाबाईंनी पातेलं खाली उतरवलं. बोलताना त्यांनी कुणाकडेच पाहिलं नाही. "मी काही चाखणार नाही. ते तुमचं यीस्ट टाकायच्या आत निघून येईन. आणि त्या गोव्याच्या लोकांना कळवून टाक, उन्हाळाभर तरी जमायचं नाही म्हणून. सकाळी किती वाजता निघतेस?"

"साडेसातला."

"बरं," नंदाबाई म्हणाल्या आणि फडताळातून दुसरा डबा काढून घासायला टाकला. "मग दोघींचा भरते."